कुलपाला भूक लागत न्हाई

…न्हाई, ते पाणी राहू द्या, चहाचंही नंतर बघू, आधी माझं ऐका, कारण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास जाणार न्हाई… माणसानं इतकं चांगलं बोलूच नये हो! कोणाबद्दलच बोलू नये. शेजाऱ्याबद्दल न्हाई, गावाबद्दल न्हाई, अन् ज्या गल्लीत आपलं दुकान हाय तिच्याबद्दल तर बिलकुलच न्हाई. तुम्ही म्हणाल, राजाभाऊ, चांगलं बोलून कोणाचं वाटोळं होतं का? होतं. मंठ्यात झालंय. आमच्या उताराच्या गल्लीत, माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आता मी थापा मारतो हे मला मान्य हाय. सायकलसकट एका विहिरीत पडलो अन् सायकलसकट दुसऱ्या विहिरीतून निघालो, ती गोष्ट माझीच. पण ही तशी न्हाई. ह्यात मीठ दोन-तीन ठिकाणीच हाय, बाकी डाळ खरी हाय.

तर शिवनारायणशेठ. किराणावाला. गल्ली वरून सुरू होते काकासाहेबांच्या घरापासून, घसरत घसरत खाली येते अन् शेठच्या दुकानावर येऊन टेकते. शेठचं सोडून, काकासाहेबांचं धरून घरं सव्वीस. शेठचं खानदान राजस्थानातलं, पण आलं कधी ते त्यालाच माहीत न्हाई. निजामाच्या आधी आलो म्हणतो तो, बसंतीबाई म्हणते नंतर, चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं एवढं एकच भांडण, अन् तेही निकाली न्हाई. दुकान पुढं, घर मागं. दुकानाच्या दाराला लाकडी फळ्या, सकाळी एक एक काढायच्या, संध्याकाळी एक एक लावायच्या. अन् त्याच्या बाबूजींनी मरताना त्याला एकच गोष्ट सांगितली. लोकांचे बाप मरताना पुरलेलं सोनं सांगतात, ह्याच्या बापानं काय सांगावं? "शिवा, गल्लीत एक चूल पेटती हाय तोवर फळ्या काढायच्या. अन् घरची चूल मोजायची न्हाई. आपल्याच दुकानातून आपण नेलं, त्याला गिऱ्हाईक म्हणत न्हाईत." झालं. एवढं बोलून बाबूजी गेले, अन् शेठनं ते सोन्यासारखं धरून ठेवलं.

आता दोष काय शेठचा? जीभ. चाळीस वर्षं माल विकून विकून त्याच्या जिभेला एक खोड लागली, की समोर जे दिसेल ते चांगलं. तुम्ही हरभरा डाळ मागा, तो म्हणणार, "ही डाळ बघा, हातात घ्या, पुरण वाटायला लागतच न्हाई, आपोआप होतं." तुम्ही खडीसाखर मागा, तो तिच्या घराण्याची माहिती देणार. अन् गल्लीबद्दल विचारलं तर? तर मंग संपलंच.

अन् विचारायला लागले की लोक! झालं असं, कुठल्याशा मोठ्या रस्त्याची मोजणी झाली, कोणाकोणाची जमीन गेली, मावेजा मिळाला, अन् मावेजाच्या पैशाला खाज सुटते, तो घरात बसत न्हाई. त्याला घर पाहिजे. राहायला न्हाई हो, ठेवायला. जसं सोनं ठेवतात तसं. अन् संपत… संपत आधी पाण्याच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग करायचा, त्यानं एका दिवसात पांढरा सदरा शिवला, दोन हातांत दोन मोबाइल घेतले अन् घरांचा दलाल झाला. "राजाभाऊ, मार्केट हाललं! उताराच्या गल्लीचा रेट गेला वर, आता थांबत न्हाई!" अन् तो गिऱ्हाईक घेऊन आला की घर दाखवायच्या आधी शेठच्या बाकावर आणून बसवायचा. म्हणायचा, आधी चहा पिऊ, गल्ली कशी हाय ते शेठ सांगतील.

अन् शेठ सांगायचा. काय सांगायचा! म्हणे, आमच्या हापशाच्या पाण्यात तुरीची डाळ एका शिट्टीत शिजते. म्हणे, साठ वर्षांत चोरी न्हाई, कारण चोर उतार चढेपर्यंत दमतो अन् कोणीतरी त्याला पाणी पाजून वापस पाठवतं. म्हणे, इथं कोणी आजारी पडला तर सव्वीस घरांतून सव्वीस डबे येतात, अन् माणूस आजारानं न्हाई, खाऊन खाऊन हैराण होतो. जांबला समर्थांच्या दर्शनाला चाललेला एक माणूस नारळ घ्यायला थांबला, तुम्हाला सांगतो, नारळ काउंटरवर विसरला अन् घर घेऊन गेला. नारळ शेठनं जांबला पाठवून दिला, ते वेगळं.

पहिलं घर कोणाचं गेलं ते सोडा, ते काही महत्त्वाचं न्हाई. पण दुसरं गेलं साहेबराव मास्तरांचं. मंग सुरेखाचं, तिचा नवरा एसटीत होता, तिचं. मंग लाइनच लागली. प्रत्येकाला वाटलं, अरे, आपण एवढ्या भारी गल्लीत राहून राह्यलो अन् आपल्यालाच माहीत न्हाई! इतका रेट येऊन राह्यला तर विकून टाकू. शेठच्या तोंडून स्वतःच्या घराची तारीफ ऐकून लोकांनी घरं विकली हो. अन् शेठला काय वाटावं? सुरुवातीला त्याला आनंद! हिशोब त्याचा सरळ होता. मास्तर गेले तर मास्तरच्या जागी दुसरं बिऱ्हाड येईल, त्यालाही तेल लागेल, मीठ लागेल. बराबर हाय ना? पण आलं कोण? कुलूप आलं. घेणाऱ्यानं घर घेतलं, कुलूप लावलं, रेट वाढायची वाट बघत निघून गेला. अन् ते कुलूप विकलं कोणी? शेठनंच! तारेवर टांगलेली होती, त्यातलं काढून द्यायचा, म्हणायचा, "हे घ्या, गंजत न्हाई." सव्वीस घरांच्या गल्लीत दोन वर्षांत जास्तीत जास्त खप कशाचा झाला असेल तर कुलपांचा. अन् कुलपाला भूक लागत न्हाई ना हो! कुलूप पोहे खातं का? कुलपाच्या घरी पाहुणे येतात का? एकादशीला कुलूप भगर मागतं का?

शेठला गल्ली दिसायची ती अशी, दुकानाच्या फळीवर. मास्तरांचं घर गेलं तशी मऊ बिस्किटं पडून राह्यली, मास्तरांच्या आईला दात नव्हते. सुरेखा गेली, पापडखार कोणी विचारेना. कोपऱ्यावरचं बाळंतिणीचं घर गेलं तसा डिंक बरणीत दगड झाला. बाकीच्यांना गल्ली रिकामी होताना दारं दिसायची, शेठला बरण्या दिसायच्या. अन् भिंतीवर खिळे. आमच्याकडं रीतच हाय, गावाला जाताना किल्ली शेठकडं ठेवायची. मंग नवीन मालकांनीही तेच केलं. एक किल्ली मालकाकडं, एक संपतकडं, एक शेठच्या भिंतीवर. एक खिळा, दोन खिळे, दहा खिळे… लक्ष्मीचा फोटो वर सरकला, कॅलेंडर दाराच्या मागं गेलं, अन् भिंतभर किल्ल्या. अख्खी गल्ली त्याच्या ताब्यात, अन् पावशेर शेंगदाणे घ्यायला कोणी न्हाई. म्हणून म्हणतो, माणसानं इतकं चांगलं बोलू नये!

होता होता राह्यलं एक घर. वरचं, काकासाहेबांचं. काकासाहेब अन् सोनूबाई, दोघंच. शेती पोरानं ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेली, पोरगा सोमेश्वर जालन्यात नोकरीला. म्हणजे गल्लीत चूल उरली एक. अन् शेठनं त्या एका चुलीसाठी दुकान असं सजवून ठेवलं, जसं काही उद्या बाजारच हाय. सोनूबाईला लागते म्हणून जाड पोहे, काकासाहेबाला लागतो म्हणून तो काळा चहा. पुण्याहून मयंक, शेठचा पोरगा, दर रविवारी फोन करायचा, "पप्पा, एका गिऱ्हाइकासाठी दुकान उघडतं का कोणी? इथं या, लिफ्ट आहे, गार्डन आहे, पलक रोज विचारते आजी कधी येणार." नातीचं नाव निघालं की बसंतीबाई पदरानं डोळे पुसायची. अन् शेठ म्हणायचा, चूल हाय ना बेटा अजून एक.

अन् एक दिवस काकासाहेब खाली आले, चहाची पुडी बांधायला सांगितली, अन् शेठ बांधत असतानाच म्हणले, सोम्यानं जालन्याला तळमजल्यावर जागा घेतलीय, गुरुवारी संपत गिऱ्हाईक घेऊन येऊन राह्यला.

शेठ पुडीला दोरा गुंडाळत राह्यला, इतका गुंडाळला की पुडी दिसेना, नुसता दोराच.

मी बाकावर होतो. मी असतोच बाकावर. मी म्हणलो, शेठ, घाबरता काय? गिऱ्हाईक आधी येणार कोणाकडं? तुमच्याकडं. विचारणार कोणाला? तुम्हाला. चांगलं बोलून पंचवीस घरं घालवली, आता एकदा वाईट बोला अन् एक वाचवा! शेठ म्हणला, मला येत न्हाई. मी म्हणलो, मला येतं. अन् दोन दिवस, तुम्हाला सांगतो, मी त्याची शिकवणी घेतली. फी घेतली न्हाई. तीनच वाक्यं पाठ करायची होती. एक, माकडं लई. दोन, पाणी आठ दिवसाला. तीन, ह्या घरात राहणाऱ्याला लाभ न्हाई. तिसरं वाक्य म्हणजे माझ्या आयुष्याची कमाई, त्या वाक्यापुढं राजवाडा विकत न्हाई.

पण जीभ ऐकेल तर ना. "माकडं लई हायेत…" म्हणला अन् लगेच, "पण नुस्कान करत न्हाईत बिचारे." मी म्हणलो, पण न्हाई! पण म्हणायचंच न्हाई! "पाणी आठ दिवसाला येतं… पण आलं की काय गोड." आतून बसंतीबाई ओरडली, अजी, ह्यांच्या जिभेला चिमटा लावा. पाच दिवसांचं काम दोन दिवसांत करायचं होतं. बुधवारी संध्याकाळी कुठं जाऊन तिन्ही वाक्यं बिगर 'पण'ची निघाली. शेठला घाम फुटल्ता, जसं काही अर्ध्या क्विंटलचं पोतं उचललं.

गुरुवार. गाडी आली. संपत उतरला, त्याच्या मागं एक साहेब, टेंभुर्णीकडचे, बूट असे चमकणारे की त्यात मला माझं तोंड दिसलं अन् मी बाजूला सरकलो. बाकावर बसले, चहा आला. साहेबांनी विचारलं, "काय शेठ, कशी हाय गल्ली?"

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी डोळा घातला.

"माकडं लई," शेठ म्हणला. अन् थांबला. पण म्हणला न्हाई! "अन् पाणी आठ दिवसाला." साहेबांनी कप खाली ठेवला. मंग ते जे विचारतात सगळे, तेच विचारलं त्यांनी, अन् त्याच प्रश्नासाठी तर मी तिसरं वाक्य घडवलं होतं… "बरं, ते लोक घर काहून विकून राह्यले?"

आता बघा, त्याच टायमाला वरून सोनूबाई निघाल्या होत्या. हातात पिशवी. आमच्या बाकावरून अख्खा उतार दिसतो. निघाल्या, अन् मास्तरांच्या ओट्यावर बसल्या. उठल्या. सुरेखाच्या ओट्यावर बसल्या. उठल्या. गुडघे दोन्ही गेलेले. पिशवीतून बाटली काढली, आपलंच पाणी आपण प्यायल्या, अन् बाटलीचं झाकण लावत त्या दाराच्या कुलपाकडं बघत बसल्या. शेठ बघून राह्यला. साहेब उत्तराची वाट बघून राह्यले. मी ओठानं सांगून राह्यलो, लाभ न्हाई, लाभ न्हाई… अन् शेठचं तोंड उघडं ते उघडंच.

सोनूबाई आल्या. कोण साहेब, कशाचे साहेब, त्यांना काय माहीत? म्हणल्या, "शेठ, साखर पावशेरच द्या. अर्धा किलो वर न्यायला होत न्हाई आता." अन् जरा दम खाऊन म्हणल्या, "पहिले ओट्यावर बसलं की कोणी ना कोणी तांब्या घेऊन यायचं. एवढं बोलायचे की उतार कधी चढला कळायचं न्हाई. आता कुलपांशी काय बोलावं, सांगा."

शेठनं साखर तोलली. वर एक चिमूट टाकली, ती तो सगळ्यांनाच टाकतो, बाबूजींची रीत. पण त्या दिवशी चिमूट टाकली अन् हात तसाच ताटलीवर राह्यला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकतो. तुम्ही म्हणाल, तुला काय कळलं? मला कळलं, कारण तो भिंतीकडं बघत होता. पंचवीस किल्ल्या. पंचवीस तांबे पाण्याचे त्यानं आपल्या जिभेनं विकले होते, अन् आता एका चुलीसाठी तो ह्या बाईला रोज हा उतार चढायला लावणार होता.

"साहेब," शेठ म्हणला, "गुडघ्यामुळं विकून राह्यले. घरात काही खोट न्हाई. माकडाचं मी खोटं बोललो."

मी कपाळ बडवलं. अन् मंग तो सुटला! अहो, आतापर्यंत पंचवीस घरांची तारीफ म्हणजे नुसती तालीम होती. काकासाहेबांनी पायात किती दगड भरला, सागाची दारं कोणत्या वर्षी बसवली, माघात ऊन कोणत्या खिडकीतून येतं अन् सोनूबाई त्या उन्हात गहू कसे निवडतात. त्या घरात कोणी उपाशी गेला न्हाई, कोणी रुसून गेला न्हाई. संपतच्या डोळ्यांत पाणी, अन् तो दलाल हाय! साहेबांनी भाव केला न्हाई. काकासाहेबांनी जो आकडा सांगितला त्याला हो म्हणले, वर जाऊन तिथंच इसार दिला. अन् उतरून येताना दुकानाशी थांबले, म्हणले, शेठ, एक चांगलं कुलूप द्या.

एकच शिल्लक होतं तारेवर. दिलं. म्हणला, गंजत न्हाई.

सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी शेठनं दुकान सोडून वरपर्यंत फेऱ्या मारल्या, गाद्या उचलल्या, पाटा-वरवंटा स्वतःच्या खांद्यावर खाली आणला. सगळं भरून झालं. काकासाहेब साहेबांनी ठेवून गेलेलं कुलूप लावून दुकानात आले, किल्ली काढली. मालकाला पोचेपर्यंत राहू द्या इथंच, म्हणले. अन् मिशीतल्या मिशीत हसत म्हणले, "शेठ, माकडं लई म्हणले म्हणं तुम्ही?"

संपतच्या पोटात काही राहत असेल तर शपथ. शेठची मान खाली.

"न्हाई, रागावलो न्हाई. सोम्या म्हणला, या. सून शीतल म्हणली, या. पाहुणे-रावळे म्हणले, बरं केलं. जाऊ नका म्हणणारे तुम्ही एकलेच निघाले. तेबी माकडांच्या तोंडून."

चाळीस वर्षं ज्या जिभेनं डाळीची, साखरेची, हवेची, पाण्याची तारीफ केली, तिला एक शब्द सापडेना. त्यानं गुळाची ढेप फोडली, मोठा खडा कागदात बांधला, सोनूबाईच्या हातात दिला. टेम्पो गेला. किल्ली सव्विसाव्या खिळ्याला लागली. सव्विसावा खिळा त्यानं आधी ठोकलाच नव्हता हो. त्या दिवशी ठोकला. माझ्याकडूनच हातोडी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर फळ्या लागलेल्या. साडेनऊ झाले तरी लागलेल्या. फटीतून बघितलं, शेठ आत अंधारात गादीवर बसलेला, अन् मागं बसंतीबाई पेटीत साड्या ठेवून राह्यली. आवाज टाकला, शेठ! आतून आवाज आला, "चूल संपली, राजाभाऊ."

आता तुम्हाला ते सांगतो, जे मघाशी सोडा म्हणलो होतो. पहिलं घर कोणाचं गेलं? माझं. माझंच घर पहिलं विकलं गेलं उताराच्या गल्लीत. छत गळत होतं, भिंतीला ओल होती, कोणी घेत नव्हतं, अन् मी शेठच्या पाया पडलो होतो, शेठ, जरा चांगलं बोला ना माझ्या घराबद्दल. तोवर तो फक्त मालाबद्दल बोलायचा. घराबद्दल चांगलं बोलायला त्याला मी शिकवलं. पहिला खिळा माझा. त्या पैशात मी बायपासच्या पल्याड प्लॉटिंगमधे दोन खोल्या बांधल्या, अन् तिथं दहा मिनिटंही बसवत न्हाई म्हणून रोज स्कूटर घेऊन त्याच्या बाकावर येऊन बसतो. अन् घर विकल्यापासून त्या दुकानातून घेतलं काय मी? चहा. तोही बसंतीबाईच्या हातचा, फुकटचा.

मी फळी वाजवली. म्हणलो, शेठ, पावशेर साखर द्या.

मंग एक फळी निघाली, अर्धं तोंड दिसलं. "तुम्हाला तर शुगर हाय."

"मला कुठं पाहिजे? चुलीला पाहिजे."

"चूल कुठं हाय तुमची?"

मी बोट दाखवलं. "ती काय, पहिल्या खिळ्यावर."

शेठनं मागं वळून भिंतीकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. बाकीच्या फळ्या एक एक करून काढल्या, भिंतीला लावल्या, तराजू पुसला, पावशेर साखर तोलली, अन् वर चिमूट टाकली. घर विकल्यानंतर मी पहिल्यांदा त्याच्या दुकानात गिऱ्हाईक झालो, अन् म्हणे, "ही साखर बघा राजाभाऊ, दाणा बघा, चहात पडली की आवाज करत न्हाई." बसंतीबाईनं आत पेटीचं झाकण आपटलं. आनंदानं का रागानं, ते मी आजपर्यंत विचारलं न्हाई.

त्याला झाले आता आठ महिने. रोज पावशेर. तुम्ही हिशोब करू नका, माझ्या बायकोनं केलाय. डबे भरले, बरण्या भरल्या, हंडा भरला, आता ती विचारून राह्यली, पाण्याच्या टाकीत टाकू का. म्हणते, आपल्या घरात मुंग्यांनी प्लॉटिंग पाडलं, एक नंबर लोकेशन, रेट रोज वाढून राह्यला. मयंकचा फोन अजून दर रविवारी येतो, अन् शेठ म्हणतो, चूल हाय ना बेटा अजून एक. अन् परवा डॉक्टरनं रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, म्हणला, राजाभाऊ, घरात साखर दिसलीच न्हाई पाहिजे, साखर बिलकुल बंद करा. आता ह्या माणसाला काय सांगू? माझा नुसता पावशेर बंद होईल, तिकडं अख्खं दुकान बंद होतंय.

माणसानं इतकं चांगलं बोलू नये हो… अन् बोलायला शिकवू तर नयेच.

चला, उठतो. फळ्या लावायच्या आत पोचलं पाहिजे. आजची साखर राह्यलीय.